मंगलीची मान

बाळांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं काम इतकं सोपं होतं, की इसरूजी मडावींनी तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं.

"पोरगी जागी असली, पोट फार भरलेलं नसलं, की थोडा थोडा वेळ पालथी टाका. सपाट जागेवर. कोणीतरी समोर बसून राहा. मान धरली पाहिजे तिनं आता," डॉक्टर म्हणाले. गोळी नाही, सुई नाही, बाटली हलवून द्यायचं लाल औषध नाही. मग पेनाला टोपण लावता लावता त्यांनी जोडलं, की मंगली दिवस भरायच्या आधी जन्मलेली आहे, तेव्हा थोडं मागंपुढं होतं. पण पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फरक दिसला नाही, तर एकदा नागपूरला दाखवून घेऊ.

चंद्रपुरात डॉक्टरांनी नागपूरचं नाव काढलं की माणसं गप्प होतात. इसरूजींच्या घरात तर जास्तच. ऑक्टोबरात मूल गावाकडच्या रस्त्यावर विनोदच्या मोटारसायकलपुढं रानडुक्कर आडवं आलं, तेव्हा त्यालाही नागपूरलाच हलवायचं ठरलं होतं. गाडी वरोऱ्याच्या पुढं गेली नाही. त्यांचा तो एकुलता एक मुलगा. सून रीना तेव्हा पोटुशी होती. डिसेंबरच्या थंडीत मंगली आली, मंगळवारी, म्हणून आजीनं, म्हणजे सोमारीबाईंनी, तिला मंगली म्हणायला सुरुवात केली. इसरूजींच्या मनात एखादं भारदस्त, चार अक्षरी नाव होतं. पण बारसं करायचा कोणाला धीर झाला नाही, आणि मंगली ती मंगलीच राहिली.

इसरूजी पाटबंधारे खात्यातून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीत त्यांना साहेब म्हणत, आणि त्यांनी त्याला कधी हरकत घेतली नव्हती. ऑक्टोबरपासून घरात जे काही मोडलं होतं त्यातलं त्यांना काहीच दुरुस्त करता आलं नव्हतं. रीना बोलत नव्हती, सोमारीबाई रात्री उठून बसत होत्या. अशात कोणीतरी पहिल्यांदाच करता येण्यासारखं एक काम सांगितलं होतं. त्यांनी ते आपल्याकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत चटई अंथरली गेली. इसरूजींनी धुतलेला पायजमा घातला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि मंगलीला पालथं टाकलं. ती क्षणभर गप्प राहिली. नाक चटईत, हात पोटाखाली. हा आपल्यावर कोणी आणि कशासाठी केलेला अन्याय आहे याचा ती विचार करत असावी. मग ती रडली. खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा होतो, तसं ते रडणं होतं. भोंगा निदान थोड्या वेळानं थांबतो.

पहिल्यांदा शेजारच्या निशाबाई धावत आल्या, कणकेच्या हातांनी. मागून समोरच्या घरातले अजयभाऊ, एकाच पायात चप्पल. त्यांच्यामागं आणखी दोघं-तिघं. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून इसरूजींच्या लक्षात आलं, की या घरातून असा आवाज याआधी फक्त ऑक्टोबरात बाहेर पडला होता.

"पोरीले पोटावर टाकलं," ते ओशाळून म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं."

निशाबाई उंबऱ्यावरच बसल्या. "पोटावर टाकलं म्हणे. माह्ये तं पायच गळून गेले ना बाप्पा."

पाय जागेवर आल्यावर सल्ले सुरू झाले. निशाबाईंच्या तिन्ही पोरांना कोणी पोटावर टाकलं नव्हतं, ती आपोआप पालथी झाली आणि एक तर आता पोलीस भरतीची तयारी करत होता. अजयभाऊ शेअर बाजार, मूळव्याध आणि दुसऱ्यांची मुलं या तीन विषयांतले जाणकार. ते म्हणाले, "साहेब, पालथं टाकलं का पोट्टे हट्टी होते. माह्या साळ्याच्या पोराले पाहा." साळ्याचा पोरगा तीस वर्षांचा होता आणि अजून बापाच्या गाडीत पेट्रोल बापाकडूनच भरून घेत होता, हे खरं, पण त्याचा आणि पोटाचा संबंध अजयभाऊंनी पुढं उलगडून सांगितला नाही.

सोमारीबाई सगळं ऐकून घेत होत्या. लोक गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरनं पोरीसमोर बसाले सांगतलं. तुमी घड्याळासमोर बसले."

इसरूजींनी मंगलीला उचललं. त्यांची उचलायची रीत पाहण्यासारखी होती. दोन्ही हात लांब करून, शाई न वाळलेला कागद उचलावा तशी ते नातीला उचलत आणि तशीच दुसऱ्याच्या हातात देत. छातीशी धरत नसत. मंगलीचं कपाळ विनोदचं होतं. हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कोणीच बोललेलं नव्हतं. विनोदचं नावच घरात निघत नव्हतं. रीनाला त्रास होईल म्हणून इसरूजी घेत नसत, आणि इसरूजींना त्रास होईल म्हणून बाकीचे.

मग प्रकरणात गादीवाले कय्यूमभाई आले. चौकातल्या त्यांच्या दुकानात विनोद रविवारी कॅरम खेळायला बसे. ते म्हणाले, "जमीन सख्त पडत असन साहेब पोरीले. मी छोटीशी गादी भरून देतो. एकदम नवा कापूस." गादी आली. गुलाबी, वर निळी फुलं. कय्यूमभाईंनी त्यात इतका जीव ओतला होता, की मंगलीला ठेवताच ती अर्धी आत गेली. डॉक्टरांना फोन लावला तर ते ओरडलेच. मऊ गादीवर बाळाला पालथं अजिबात टाकायचं नाही, नाक दबतं, श्वास कोंडतो. हे ऐकून कय्यूमभाईंचा चेहरा पडला. ते गादी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी पुन्हा भरून घेऊन आले. आता ती अशी कडक झाली होती, की सोमारीबाईंना तिच्यावर पापड लाटता आले असते. मंगलीनं तिच्यावरही तोच भोंगा केला. गादी सोमारीबाईंच्या बुडाखाली गेली आणि मंगली चटईवर परत आली.

आता चटईवर एक नवाच शोध लागला. मंगलीला उचललं, की तिच्या नाकाचं टोक काळं झालेलं असे. सोमारीबाई दोनदा फरशी पुसत, तरी. चंद्रपुरात काळी धूळ खिडक्या लावल्या तरी आत येते. गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर राखाडी होऊन खाली येतं आणि कोणी त्याचं काही मनावर घेत नाही. इसरूजींनीही आयुष्यभर घेतलं नव्हतं. पण नाक मंगलीचं होतं. त्यांनी तक्रार करायचं ठरवलं.

धूळ कोणाची, हे सरकारी कचेरीत कोणालाच नक्की सांगता येईना. पहिल्या टेबलानं विचारलं, धूळ रस्त्यावरची आहे की हवेतली. रस्त्यावरची असेल तर दुसरा विभाग. हवेतली असेल तर ती खाणीतल्या कोळशाची की वीजकेंद्राच्या राखेची, आणि राखेची असेल तर खाली पडल्यावर ती रस्त्याची होते. इसरूजींनी पांढरा रुमाल फरशीवर फिरवून नमुना आणला होता. तो तीन टेबलांवर फिरला आणि प्रत्येकानं त्याकडे आस्थेनं पाहिलं. मधल्या एकानं तर चुकून त्यानंच कपाळ पुसलं. शेवटच्या टेबलावर एक तरुण बाबू बसला होता.

"त्रास कोणाले आहे?" त्यानं विचारलं.

"माह्या नातीले."

"वय?"

"पाचवा महिना."

"मग तिच्या वडिलाले पाठवा ना बाबूजी. अज्ञान मुलाचं असलं तं पालक पाह्यजे."

इसरूजींनी तोंड उघडलं. बडेबाबूच्या आवाजात द्यायचं उत्तर त्यांच्याजवळ होतं, साधं, एका ओळीचं. त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलून त्याची घडी घातली.

"तो बाहेरगावी असते," ते म्हणाले.

"कधी येईन?"

"सांगून नाई गेला."

बाबूनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. त्यानं अर्ज ओढून घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "बसा जरा, पाणी प्या. मी पाठवतो माणूस पाहाले." इसरूजी बसले नाहीत. घरी येऊन सोमारीबाईंना म्हणाले, "काम झालं." त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि ऊन लागलं असेल असं सगळे धरून चालले.

मे महिना लागला. कूलरसमोरचा तेवढा तुकडा सोडला तर घर तव्यासारखं तापे. मंगलीची मान होती तिथंच होती. निशाबाईंनी मोबाइलवर पाहून आरशाचा उपाय आणला. बाळासमोर आरसा ठेवायचा, बाळ आपलं रूप पाहायला मान उचलतं. इसरूजींनी दाढीचा आरसा विटेला टेकवून ठेवला. मंगलीला आरशात एक रडणारी मुलगी दिसली आणि तिच्याहून मागं पडायचं नाही असं तिनं ठरवलं.

तेव्हा रीना बोलली. रीना भामरागडकडची, तिथल्याच एका आश्रमशाळेत मास्तरीण, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. लहान पोरांशी कसं वागायचं हे तिला माहीत होतं, पण ती घरात भिंतीला धरून चालल्यासारखी वावरत होती आणि कोणी विचारलं नव्हतं. दारातून ती म्हणाली, "तुमी वरून बोलता बाबा. तिले तुमचे पायच दिसते. तिच्याएवढं खाली जाऊन पाहा."

त्या संध्याकाळी बडेबाबू इसरूजी मडावी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या हाफपँटवर चटईसमोर पालथे झाले. दार लोटून घेतलं होतं. हनुवटी फरशीला. मंगली आणि ते समोरासमोर. सरकारी भाषेत बाळाशी बोलायला काही नसतं. मग कुठून आठवलं कोणास ठाऊक, त्यांनी तितराचा आवाज काढला. ते एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावात वाढलेले, लहानपणी हे सगळे आवाज त्यांना येत. मंगली रडता रडता थांबली. त्यांनी मोराचा काढला. मंगलीची मान सुपारीएवढी वर आली. आपल्याला दिसलं ते खरं का, म्हणून त्यांनी आणखी जोरात मोर काढला.

फाटक वाजलं. दार ढकलून एक माणूस आत डोकावला, हातात कागद, खिशाला पेन.

"मडावीसाहेब इथीच राह्यतात काय?"

"मीच," फरशीवरून उत्तर आलं.

"धुळीच्या तक्रारीचं आलो होतो. धूळ कुठी हाये?"

"मी तिच्यावरच पडून आहो," इसरूजी म्हणाले, आणि पदाला शोभेल असं झटकन उठायला गेले. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. ते उठले नाहीत. अर्धवट वाकलेल्या अवस्थेत, एक गुडघा टेकून, एक हात मंगलीला नमस्कार केल्यासारखा पुढं, असे ते थांबले आणि त्यांना मागंही जाता येईना, पुढंही. निरीक्षकानं बगलेत हात घातला, आवाज ऐकून धावत आलेल्या अजयभाऊंनी पाय धरले आणि दोघांनी मिळून साहेबांना दिवाणावर आणून ठेवलं. पुढं कॉलनीत असं बोललं जाई, की निरीक्षकानं लिहून नेलं: तक्रारदार जागेवर पालथा आढळला, धूळ आढळली नाही, ती तक्रारदाराच्या बनियनला लागून गेली असावी. हे अजयभाऊंनी रचलेलं असावं, पण ते खोडून काढायला कोणी उठू शकत नव्हतं, निदान इसरूजी तरी नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी फळीवर उताणं पडून राहायला सांगितलं. कूस बदलायची नाही. वर पंखा होता, कोपऱ्यात जाळं होतं, ट्यूबलाइटजवळ एक पाल होती. मधूनमधून कोणाचं तरी तोंड वरून वाकून यायचं, काहीतरी बोलायचं आणि नाहीसं व्हायचं. निशाबाईंनी सांगितलं की मोहाचं तेल गरम करून लावा. अजयभाऊंनी सांगितलं की लावू नका. एका दुपारी पंख्याकडे पाहता पाहता इसरूजींच्या मनात आलं, की मंगलीनं जन्मल्यापासून जग म्हणून एवढंच पाहिलं आहे.

अशाच एका सकाळी सोमारीबाई भाजी आणायला गेल्या होत्या. बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. उन्हाळ्यात नळाला वाट पाहायची सवय नसते. रीना मंगलीला घेऊन आत आली.

"बाबा, हिले धरा थोडं. नळ आला."

"मले उठता येत नाई."

"नका उठू," रीना म्हणाली. तिनं मंगलीला त्यांच्या छातीवर पालथी ठेवली आणि ती बादल्या घेऊन गेली.

इसरूजींचे दोन्ही हात हवेतच राहिले. हात लांब करून धरायची त्यांची रीत इथं चालणार नव्हती; पोरगी त्यांच्या अंगावरच होती. कोमट, जराशी ओलसर, दुधाचा आणि खोबरेल तेलाचा वास. तिचा कान त्यांच्या छातीला लागलेला होता. ते वाट पाहू लागले, आता रडेल, आता रडेल. ती रडली नाही. हळूहळू त्यांचे हात खाली आले आणि तिच्या पाठीवर टेकले. एक तळवा तिच्या सगळ्या पाठीला पुरला.

मग मंगलीनं मान उचलली. ती लटलटली, हनुवटी त्यांच्या बरगडीवर आपटली. तिनं पुन्हा उचलली. या वेळी ती वर आली आणि वरच राहिली, थरथरत, आणि त्या कपाळाखालून दोन डोळे सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहू लागले.

तिला शाबासकी द्यावी, तितर काढावा, मोर काढावा, असं इसरूजींच्या मनात आलं. तोंडातून वेगळंच निघालं.

"विनोद," ते म्हणाले.

ऑक्टोबरनंतर हे नाव त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं. ते स्वतःच्याच कानांवर पडलं आणि मग त्यांना आवरलं नाही. उताणा पडलेला माणूस रडतो तेव्हा पाणी गालांवरून नाही, कानांत जातं. कान भरले. कमर दुखत होती, हुंदक्यानं जास्तच दुखू लागली. पोट हलत होतं, त्याबरोबर मंगली वरखाली होत होती. तिला ते आवडलं असावं. तिनं बिनदाताचं तोंड उघडलं, लाळेची एक तार त्यांच्या बनियनवर सोडली आणि मान तशीच धरून ठेवली.

बाहेर बादली भरून वाहत होती. बराच वेळ वाहिली. रीना केव्हा दारात आली त्यांना कळलं नाही. ती ओल्या हातांनी येऊन दिवाणापाशी जमिनीवर बसली आणि तिनं डोकं लाकडाच्या कडेला टेकवलं.

"त्यांचं नाव घेत जा बाबा," ती म्हणाली. "घरात कोनीच घेत नाई. मले वाटे, मी एकटीच त्यांले धरून बसली आहो."

"तुले त्रास होईन म्हणून..."

"नाव नाई घेतलं तं जास्त होते."

सोमारीबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा अंगणात चिखल झाला होता, नळ गेला होता, आणि आत तिघंही होती तशीच होती. त्यांनी पिशवी ठेवली आणि काही न विचारता चहा टाकला.

त्यानंतर मंगली रोज आजोबांच्या छातीवर चढली. विनोद लहानपणी कसा मातीचे बैल खायचा, पोहायला शिकताना इरई नदीत त्याची चड्डी कशी वाहून गेली, हे सगळं तिला ऐकवलं गेलं. ते ऐकायला रीनाही येऊन बसे. कधी हसे, कधी मधेच उठून आत जाई. कमर बरी झाल्यावर चटई पुन्हा आली, आणि मंगली चटईवरही मान धरू लागली, पुढं हातांवर जोर देऊन छाती उचलू लागली. डॉक्टरांनी तिला इकडून तिकडून पाहिलं, समोर किल्ली फिरवली आणि म्हणाले, छान आहे, आता नागपूरची गरज नाही.

त्याच आठवड्यात रीना म्हणाली, "रजा संपते बाबा. शाळा सुरू होईन. पर्लकोटा नदीले पूर यायच्या आधी मले गेलं पाह्यजे. माय आहे तिथी, ती सांभाळन हिले."

इसरूजींनी हरकती घेतल्या. रस्ता वाईट, पावसात आठ-आठ दिवस बंद. मोबाइल लागत नाही. मच्छर आहेत. बदलीचा अर्ज करता येतो, तो कसा करायचा ते ते स्वतः लिहून देतील, वरपर्यंत पाठपुरावा करतील. रीनानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, संध्याकाळी फाटक वाजलं का मी अजून दाराकडं पाहते," ती म्हणाली. "कोनी का येईना. रोज."

इसरूजींनी फाटकाकडे पाहिलं. ते स्वतःही रोज पाहत होते.

"जाऊ द्या तिले," सोमारीबाई म्हणाल्या. "आपलं पोरगं गेलं म्हणून तिचं घर काऊन बंद करता."

रीनाचा भाऊ झिंगू न्यायला आला. बसस्थानकावर आलापल्लीमार्गे भामरागडला जाणाऱ्या गाडीला गर्दी होती, शेवटच्या बाकावर जागा मिळाली. सोमारीबाईंनी खिडकीतून डबा दिला, टोपडं दिलं, मग पुन्हा काढून घेऊन नीट घडी घालून दिलं. इसरूजींनी झिंगूला नदी ओलांडताना काय काय पाहायचं ते सांगितलं. झिंगू जन्मापासून ती नदी ओलांडत होता. त्यानं हो बाबूजी, हो बाबूजी केलं.

गाडी सुरू झाली. रीनानं मंगलीला खांद्यावर घेतलं होतं, तोंड मागं. मागच्या धुळकट काचेतून ती दिसत होती. गाडी स्थानकाच्या खड्ड्यातून गेली तेव्हा तिचं डोकं एकदा हेलकावलं. इसरूजींचा हात आपोआप पुढं गेला. पण तिनं ते स्वतःच सावरलं आणि पुन्हा सरळ केलं, आणि ती पाहत राहिली, काचेतून, गर्दीतून, गाडी रस्त्याला लागून वळेपर्यंत. महिनाभरापूर्वी तिला तसं पाहता आलं नसतं. आईच्या खांद्यावर मान टाकून ती झोपून गेली असती.

घराशी आले तेव्हा अजयभाऊ फाटकाशी उभे होते. आज त्यांच्याजवळ सल्ला नव्हता.

"गेली काय साहेब पोट्टी?"

"गेली."

सोमारीबाई कुलूप काढून आत गेल्या. अजयभाऊंनी थोडा वेळ फाटकाची कडी उगाच वरखाली केली. "आन् मान?" त्यांनी विचारलं.

"सरळ होती," इसरूजी म्हणाले. "दिसत होती तोपर्यंत सरळ होती."